दंडाला न पुरलेला पट्टा

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मुखेडच्या दवाखान्यात बीपी तपासायला गेलो, तेव्हा चाळिशीतला तो अवाढव्य माणूस बाकावर अंग चोरून बसला होता. शेजारी जागा असूनही लोक उभेच होते. मी बसलो, तसा तो आणखी सरकला.

सिस्टरने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पण तो पुरेना. मोठा आणावा लागला. बीपी फारच वाढलेलं निघालं.

"वजन कधीपासून आहे एवढं?" तिने विचारलं.

"ल्हानपणापासूनच, सिस्टर."

"म्हणूनच बीपीनं इतक्या लवकर गाठलं. आता तरी कमी करा. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. एकटाच हाय."

मग तो हळूच म्हणाला, "ल्हानपणी गुटगुटीत होतो तर समदं गाव कडेवर घ्यायचं, गाल ओढायचं. मोठा झालो, तसं कुणी हातबी लावला न्हाई बघा."

मशीनवर नाडीचा आकडा दिसत होता, तरी सिस्टरने त्याचं मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. तो डोळे मिटून अगदी स्तब्ध बसला होता. माझा नंबर पुढचाच होता, पण मला मुळीच घाई नव्हती.