प्लायवूडचं दार

अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, म्हैसूरच्या एका शाळेत नोकरी हवी होती. खरं तर तिला लेकीला घेऊन सासरहून निघायचं होतं. नोकरी हा त्यासाठीचा रस्ता. बनशंकरी भागातल्या तिच्या सासरी फोन वाजला की सासूबाई आतल्या खोलीतलं एक्स्टेंशन उचलत, आणि पत्रं हातात यायची ती फोडलेलीच. म्हणून कोपऱ्यावरचं नवं सायबर कॅफे.

मी कॉम्प्युटर कंपनीत होतो, त्यामुळे घरात मला त्यातलं सगळं कळतं अशी समजूत होती. (मी तिथे स्टोअर सांभाळायचो, पण विचारतंय कोण!) अक्काच्या ईमेलचा पासवर्ड मीच बनवला. एका भाजीचं कानडी नाव उलटं लिहिलं, मध्ये आकडे पेरले.

"ब्रह्मदेवालाही ओळखता यायचा नाही," मी म्हणालो.

"ब्रह्मदेवाची भीती नाही रे. सासूबाईंची आहे."

मग भाजी आणायच्या निमित्तानं ती कॅफेत यायची, कॉम्प्युटरभोवतीच्या प्लायवूडच्या खोक्यात शिरून दार लावून घ्यायची. बाहेर मी पहारेकरी, हातात तिची पिशवी.

अशात गल्लीतली काही पोरं त्या खोक्यांत नको ती चित्रं बघताना सापडली. रहिवासी संघाची सभा भरली. मुलांच्या सुरक्षेसाठी दारं काढा, सगळे स्क्रीन वाटेकडे वळवा, असं ठरलं. टाळ्या मीही वाजवल्या. मलाही मुलगा होता. कॅफेवाल्यानं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत दारं उतरवली.

पुढच्याच खेपेला शाळेचं उत्तर आलं. अक्का ओठ हलवत ते पुन्हा पुन्हा वाचत होती. तेवढ्यात तिच्या नणंदेचे यजमान क्रिकेटचा स्कोअर बघायला आले. माणूस वाईट नव्हता. तिच्या मागे थबकले आणि मनापासून आनंदून, मोठ्यानं म्हणाले, "अरे वा, वहिनी! म्हैसूरला नोकरी? घरी कुणी बोललं नाही ते!"

अक्कानं स्क्रीनवर हात ठेवला. केवढासा तो हात. मी पिशवीसकट उभा.

त्यानंतर तिला कुणी एकटं बाहेर सोडलं नाही. लेकीला शाळेत पोचवायला सासरे जाऊ लागले. म्हैसूरच्या शाळेनं काही दिवस वाट पाहिली आणि दुसरी बाई घेतली. ती पोरं पलीकडच्या गल्लीतल्या कॅफेत जायला लागली. तिथे दारं होती.

संक्रांतीला अक्का आमच्याकडे आली, सासूबाईंबरोबर. तिळगूळ देताना मी पुटपुटलो, "पासवर्ड अजून कुणाला सापडलेला नाही हं, अक्का."

"हो रे," ती म्हणाली. "तो तेवढा सुखरूप आहे."