बुडाशी नाव शोधणारे काका

कुठलीही वस्तू दिसली की "ही आधी कुणाची?" असं विचारल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, असा अख्ख्या मुंबईत एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा निघाला. काका एका वस्तुसंग्रहालयात कारकून. परदेशी वस्तूंचं दालन त्यांच्याकडे. चिनी बरणी असो की जपानी तलवार, तिचे मागचे सगळे मालक हुडकून ते कार्डावर लिहीत. "साहेबलोकांना भांड्यावर नाव घालायची अक्कल नाही, म्हणून माझी ही वणवण!" आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. ते वाचायचा काकांना इतका नाद, की माझ्या केळवणाला त्यांनी वाटी उलटी करून बघितली, आमटीसकट. मावशी कळवळली, "अहो, आधी जेवून तरी घ्या!" संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लोक "मुंबई कुणाची?" म्हणून गर्जत होते, तर हे शेजारच्याला म्हणतात, "आधीचे कागद बघायला हवेत." मी ओढून नेलं म्हणून वाचले.

एकदा तिथला रशियन समोवार, म्हणजे चहाचं पाणी तापवायचा पितळी बंब, पुसायला खाली काढला. कार्डावर लिहिलं होतं, "राजघराण्यातला असावा." काकांनी सवयीने बूड बघितलं, तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: "चि. सौ. कां. द्वारकेस, आत्याकडून, मुगभाट." झालं! दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गिरगावातल्या मुगभाटात दारोदार. आत्याबाई सापडल्या, पण द्वारकेचं नाव काढताच त्यांनी दार लावून घेतलं. द्वारकाबाईंचा नायगावचा पत्ता शेजारणीने दिला.

समोवार म्हणताच द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. "आत्याच्या यजमानांनी बोटीवरून आणलेला. ते गेल्यावर तिने मला दिला, आणि मी विकला. वीस वर्षं आत्या माझ्याशी बोललेली नाही."

संग्रहालयाने समोवार ज्याच्याकडून घेतला, त्या जुन्या बाजारातल्या दुकानदाराकडून मिळवलेली पावती काकांनी खिशातून काढली. "मग विकणाऱ्याच्या जागी हा अंगठा कुणाचा? खाली नाव आहे."

नाव सासूबाईंचं होतं. बाईंनी पदर तोंडाला लावला. "त्या आता गेल्या हो. सासरच्या माणसाला माहेरी बोल कसा लावायचा? म्हणून मीच अंगावर घेतलं. आत्याला सांगू नका."

"मी कशाला सांगू? पावती सांगेल," काका म्हणाले. एरवी कार्ड भरून मोकळे झाले असते, पण तसेच मुगभाटात परतले आणि दार उघडेपर्यंत जिन्यात बसून राहिले. आत्याबाईंनी पावती दोनदा वाचून घेतली.

पुढच्या रविवारी काकांनी दोघींना संग्रहालयात बोलावलं. आत्याबाईंना मी हाताला धरून आणलं. द्वारकाबाई चार पावलं लांब, खाली मान घालून उभ्या. काचेआडच्या समोवाराकडे आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मागे न वळताच म्हणाल्या, "द्वारके, पाणी लवकर तापायचं का गं यात?"

"एकदाच तापवलं, आत्या."

आत्याबाईंनी माझा हात सोडला आणि तिचा धरला. काका जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण ते "एकदाच" आठवलं की मला अजून गलबलून येतं.