दारातल्या चपला
टिंक्चरचा वास आला की मला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्याचं दार दिसतं. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. तशाच एका संस्थानातून बदलून आलेले मोठे डॉक्टर अपघात विभागात शिकायला एकच मुलगी घेणार होते, आणि बाकावर आम्ही दोघी होतो. जागा मिळाली नाही, तर घरी माझं लग्न ठरलेलंच होतं. तेवढ्यात केळीच्या बागेत कोयता लागलेल्या माणसाला बहादरपूरहून खाटेवर आणलं. सोबतच्यांनी सवयीनं दारातच चपला काढल्या आणि खाट त्या ढिगाशी अडली. दुसरी मुलगी धावली, तिनं जखम दाबून धरली. मी गोंधळून वाकले आणि चपला भिंतीशी जोडीनं लावू लागले. "अगं बाई, माणूस मरून राहिला अन् तू चपला काय लावते!" त्याची आई ओरडली. खाट आत गेली. तो वाचल्यावर डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये लडकी. रास्ता इसने साफ किया." मला तर फक्त पसारा बघवत नव्हता. बाळांनो, तुमच्यातली एक आता तिकडे मोठ्या इस्पितळात इमर्जन्सीचे शिकाऊ डॉक्टर निवडते आणि मला विचारते, आजी, कुणाला घेऊ? मी काय सांगू? मला त्या मुलीचे रक्तानं भरलेले हात अजून दिसतात.