हॉर्नच्या झाकणावरचे ओरखडे

बाबांच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून तीन दिवस मला कामठी रोडवरच्या गॅरेजात बसावं लागलं. मनीषनगरच्या घरून त्यांना कारनं न्यायचं, कूलरसमोर बसवायचं आणि मग बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघितल्यासारखं करायचं. मी बघत होते ते मिस्त्रीकडे. इतक्या कमी कामावर इतका रुबाब करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमचा एकच ट्रक, राखेच्या विटा वाहणारा. खड्ड्यात आदळून त्याचा पुढचा एक्सल वाकला होता. मिस्त्रीनं जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला आणि "शेम टू शेम हाये, शेठ" असं येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकवत राहिला. बाबा मान डोलवत. हातात पाना असलेल्या माणसावर बाबांचा विश्वास लगेच बसतो. हातात पदवी असलेल्या मुलीवर बसायला वेळ लागतो.

एक्सल बसला, चाकं सरळ केली, तर कॅबिनमधलं स्टेअरिंग वाकडं. मिस्त्रीनं ते क्षणभर बघितलं. मग बाबांना आत चहा पाठवला, कॅबिनमध्ये चढला, स्क्रू-ड्रायव्हरनं स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं झाकण उचकटलं, आतला नट काढला, स्टेअरिंग उपसलं, फिरवून सरळ केलं आणि परत बसवलं. दहा मिनिटं लागली असतील. उतरताना त्याला दिसलं की मी बघतेय. त्यानं फिकीर केली नाही. पहिल्या दिवशी मी फोनवर इंग्रजीत बोलले होते आणि तेव्हाच त्यानं माझा निकाल लावला होता: "ताई कॉन्व्हेंटवाल्या दिसते." म्हणजे बाहुली. बाहुलीसमोर काहीही करता येतं.

मी परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. तो चोरी करतोय की काम करतोय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला काय करायचंय, असंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकांनी ट्रक विटांच्या कारखान्यावर नेला. मी शाळेत होते तेव्हापासून हा ट्रक तेच चालवतात. कारखान्याच्या फाटकातून उजवीकडे वळताना गाडी पुरती वळलीच नाही आणि खांबाला घासली. परत येऊन त्यांनी साधं सांगितलं, गाडी उजवीकडे कमी वळते. मिस्त्री म्हणाला, एक्सल नवा बसलाय, टाइट आहे, दोन-चार खेपांत सुटेल. जुन्या बाजारातला एक्सल संध्याकाळपर्यंत नवा झाला होता. काकांनी मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा मिस्त्री त्यांच्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "गाडी ठीक हाये. बाकी ड्रायव्हरच्या वयाचंबी पाहा न जी."

एवढं पुरलं. बाबांनी तिथल्या तिथे फोनवर कुणाला तरी विचारलं, नंदनवनचा तो ड्रायव्हर पोरगा अजून रिकामा आहे का, सोमवारपासून येईल का. काका चार हातांवर काच पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, माझ्याच्यानं कॅबिनमध्ये चढवत नाही, तू काकांसोबत एक चक्कर मारून ये आणि ते कसे चालवतात ते सांग. म्हणजे मला परीक्षक केलं होतं. मी चढले. हॉर्नच्या झाकणावर ताजे ओरखडे होते. पुढचा एक्सल बदलताना कुणी हॉर्न कशाला उघडेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आला. फार उशिरा आला.

स्टेअरिंग नुसतंच सरळ बसवलं असेल, तर दोन्हीकडचे फेरे सारखे येणार नाहीत, असं वाटून मोकळ्या मैदानावर मी काकांना म्हटलं, चाकं सरळ ठेवा, मग डावीकडे पूर्ण फिरवा. मी मोजलं, तीन फेरे. परत सरळ. उजवीकडे दोनच, आणि स्टेअरिंग अडलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. वाटेत मी त्यांना झाकणावरच्या ओरखड्यांचं सांगितलं.

गॅरेजात उतरल्यावर मी सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज बारीक होतो, आणि तो बारीक झाला की माणसं हसतात. तरी म्हटलं, "डावीकडे तीन फेरे, उजवीकडे दोन. स्टेअरिंग काढून सरळ बसवलंय, खालचं काही जुळवलेलं नाही."

मिस्त्री हसला. "यूट्यूब पाहून राहिली का वं ताई?"

बाबाही ओशाळून हसले. मग काका पुढे आले. म्हणाले, बाई खरं बोलते, मी फिरवतो, मालक, तुम्ही मोजा. बाबांनी खुर्चीवरून, प्लास्टरचा पाय पुढे टाकून, मोठ्यानं मोजलं. तीन. दोन. तोच आकडा त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघाल्यावर खरा झाला.

मिस्त्रीचा चेहरा काही पडला नाही. असल्या माणसांचा पडतच नाही. तो म्हणाला, हो, ड्रॅग लिंक थोडी जुळवायची राहिली, तेच तर करून राहिलो होतो. ड्रॅग लिंक म्हणजे स्टेअरिंगच्या डब्यापासून चाकाकडे जाणारा दांडा. नव्या एक्सलला तो थोडा वेगळ्या लांबीचा लागत होता. डबा बरोबर मध्यावर आणून, दांड्याचं टोक फिरवून लांबी जुळवायची आणि स्टेअरिंग पुन्हा सरळ बसवायचं, एवढंच काम. तासाभरात झालं. दोन्हीकडे सारखे फेरे आले.

घरी जायला कारमध्ये बसताना बाबा म्हणाले, "शेवटी मिस्त्रीनंच पकडलं." मग त्यांनी नंदनवनला फोन करून सोमवारचं नको म्हणून सांगितलं. मी सीट बेल्ट लावला.

बाबा गॅरेजात चष्मा विसरले होते, म्हणून मी परत गेले. काका कॅबिनमध्ये बसून अंगठ्यानं झाकणावरचे ओरखडे घासत होते. ओरखडे काही जाणार नव्हते.

"त्यानं उघडलं तवा पाह्यलं होतं न तुनं?"

मी हो म्हटलं.

"मंग खांबाले घासली तवा काहून नाही बोलली वं?"

मला कळलं नव्हतं, असं मी म्हटलं. ते निम्मं खरं होतं. त्यांनी मान हलवली, जशी त्यांनी मिस्त्रीच्या टाइट एक्सलवर हलवली होती, अगदी तशीच.