अमावस्येचे बावन्न नियम

“ताई, पहाटे साडेपाचले गादी कोन इचारते, सांगा बरं?” वैशाली फोनवर वैतागली होती. “फिराले जानारे फोन करून राह्यले, दूधवाले करून राह्यले. दिवसभर मात्र एकही नाई.”

वैशाली नाचणगावची. तिचे सासरे नामदेवराव यांचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मागच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन आणि गाद्या शिवणाऱ्या चार बाया. ऑनलाइन विक्रीचा हट्ट वैशालीचा. त्या जाहिराती मी सांभाळते, वर्ध्यात स्टेशनजवळच्या आमच्या तीन माणसांच्या ऑफिसातून.

सुरुवातीला काम झकास चाललं. मग हळूहळू असं झालं की महिन्याचा पहिला आठवडा फोन खणखणायचे आणि पुढे शुकशुकाट. “पगाराचा आठवडा असते ना, ताई,” वैशाली म्हणायची. मलाही पटायचं. पटण्यासारखं कारण मिळालं की आम्ही पुढे शोधतच नाही, हा या धंद्यातला जुना आजार.

पण यावेळी नामदेवरावांनी निक्षून सांगितलं होतं. लग्नसराई तोंडावर आली, महिन्याभरात फरक पडला नाही तर ऑनलाइन बंद आणि सूनबाई परत घरात. “मले पुन्हा नुसत्या पोया लाटत बसा लागीन,” वैशाली म्हणाली.

मी त्यांचं जाहिरातींचं खातं उघडून ऑटोमेटेड रूल पाहिले. हे रूल म्हणजे खात्याला आधीच सांगून ठेवलेली कामं. अमुक वेळी जाहिरात बंद कर, अमुक वेळी चालू कर. मग तिथे माणूस लागत नाही. यादी खाली सरकवत गेले आणि एकटीच हसत सुटले.

“काऊन हसून राह्यली?” मेश्राम सरांनी विचारलं. ते आमचे बॉस.

“सर, माती मीच खाल्ली.”

नामदेवराव अमावस्येला नवा सौदा करत नाहीत. म्हणून वैशाली दर महिन्याला कॅलेंडरचा फोटो पाठवायची आणि मी त्या तारखेला दोन रूल लावायची. सकाळी सहाला जाहिरात बंद, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चालू. अमावस्या दर महिन्याला येते, म्हणून मी ‘दर महिन्याला’वर टिक करायची. पण ती एकाच तारखेला थोडीच येते? दर महिन्याला एखादा दिवस अलीकडे सरकते. पुढच्या महिन्यात नवी तारीख, नवे रूल. जुने मी कधी काढलेच नाहीत. सव्वीस महिन्यांत बावन्न रूल साठले. पहिला आठवडा सोडला तर जवळजवळ रोजच अमावस्या! जाहिरात जिवंत असायची ती पहाटे पाच ते सहा.

“उडव सगळे,” सर म्हणाले.

“सगळे नाही. रोजच्या खर्चाला ब्रेक लावणारा आणखी एक रूल त्याच यादीत आहे. शिवाय डिलीट केलेला परत येत नाही.”

स्क्रीनवर एकेक रूल उघडून पुसायचा, तर माझा हात कुठेतरी चुकणारच. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी. प्रत्येक रूलला स्वतःचा नंबर असतो. आधी फक्त यादी मागवली, कागदावर छापली, ब्रेकवाल्या नंबरावर लाल गोल केला आणि उरलेले बावन्न नंबर चिठ्ठीत दिले. पुढच्या मिनिटभरात बावन्नही गेले. सरांनी चहा मागवला, वर समोसेही. मी अगदी हवेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “ताई, काय केलं? आता तर पहाटेचेही फोन बंद झाले!”

घ्या! रूल पुसला तरी त्याने केलेलं काम पुसलं जात नाही. जाहिराती सकाळी सहाला बंद झालेल्या, आणि त्यांना उठवणारा पाचचा रूल मीच उडवलेला. मी मुकाट्याने सगळ्या जाहिराती हाताने चालू केल्या. तासाभरात आष्टीहून पहिला फोन आला. संध्याकाळपर्यंत वैशालीला जेवायलाही सवड मिळाली नाही.

आठवड्याने मी एसटीने नाचणगावला गेले. चूक तोंडावर सांगायची होती. नामदेवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे दोन वर्सं मी रोज अमावस्या पाळून राह्यलो?” ते म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसले. मला इतका आनंद झाला की मीही हसले. खरं तर तेव्हा मान खाली घालायला हवी होती.

तेवढ्यात फोन वाजला. लग्नाच्या चार गाद्या हव्या होत्या. वैशालीने फोनवर हात ठेवला. “मामाजी, आज अमावस्या हाय. काय सांगू?”

नामदेवरावांनी कॅलेंडरकडे एक नजर टाकली. “इचारनाऱ्याले कायची अमावस्या? लिहून घे. गादी उद्या ने म्हना.” मग त्यांनी गल्ल्यामागची आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. “अन् उभ्यानं काऊन बोलतं? बस इथं. आता इथं तूच बसत जाजो.”

नियम लावायला दोन मिनिटं लागतात. तो कधी संपणार, हे लिहायला आणखी अर्धं. ते अर्धं मिनिट मी आता न चुकता देते.