करंगळीतला वायसर

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. गाडी तयार व्हायची, गिऱ्हाईक किल्लीसाठी हात पुढे करायचं आणि हे पुन्हा गाडीखाली शिरायचे. "एकदा बघून घेतो," म्हणायचे. ते 'एकदा' चार-चार वेळा व्हायचं. अख्खी गल्ली त्यांना 'एकदाबघू' म्हणते. मीही म्हणते, ते ऐकत नसले की.

या भीतीला कारण होतं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच त्यांनी ते मला सांगितलं. इतरांचे नवरे त्या दिवसांत काय काय बोलत असतील, माझ्या वाट्याला ऑइलचा बोल्ट आला. इंजिनच्या तळाला एक बोल्ट असतो, तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. त्या बोल्टाच्या गळ्यात तांब्याचा पातळ, अंगठीसारखा वायसर असतो. बोल्ट आवळला की तो चेपतो आणि फट बुजवतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, पुढच्या वेळी नवा घालायचा. विशीत असताना, दुसऱ्याच्या गॅरेजात, नवे संपले म्हणून यांनी जुनाच परत लावला. गळू नये म्हणून बोल्ट अंगातला सगळा जोर लावून पिळला. आटे गेले. चौथ्या दिवशी उतारावर त्या गाडीचं सगळं ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं, गाडी कठड्यावर आदळली. चालवणाऱ्याचा पाय कायमचा अधू झाला. कशामुळे, ते त्याला कधीच कळलं नाही. यांना ठाऊक होतं, आणि मग मला.

तेव्हापासून यांची एक रीत. काढलेला जुना वायसर डाव्या हाताच्या करंगळीत घालायचा, आणि गाडी फाटकाबाहेर गेल्यावरच दारामागच्या डब्यात टाकायचा. बोटात वायसर आहे, म्हणजे जुना निघालाय. लग्नातली अंगठी मात्र यांनी पहिल्याच महिन्यात काढून ठेवली, काम करताना अडकते म्हणून.

त्या दिवशी घरामागच्या गॅरेजात यांनी आमच्या लेकीच्या गाडीचं ऑइल बदललं. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन ती नोकरीच्या गावी एकटीच निघाली होती. मधे दोन तासांचा डोंगराचा रस्ता. तिला निरोप देऊन मी पुढच्या खोलीत पसारा आवरत होते. हे मागे नळावर हात धूत होते. बराच वेळ पाणी वाहत राहिलं, म्हणून मी डोकावले. करंगळीकडे बघत उभे होते. करंगळी रिकामी होती.

"अगं, मी वायसर काढला होता का?"

"मला काय विचारता? तुम्ही गाडीखाली, मी इथे."

एरवी ते हसले असते. आता त्यांनी जुन्या ऑइलच्या ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. काही नाही. टाकला असेल म्हणून दारामागचा डबा उपडा केला. शेकडो जुने वायसर फरशीवर घरंगळले, सगळे सारखेच. त्यातला आजचा कोणता, देव जाणे. "जुना तळालाच चिकटून राहिला असेल," ते म्हणाले. "त्याच्यावर मी नवा चढवला असेल, तर गळणार. किंवा जुनाच..."

लेकीला फोन लावला. लागेना. डोंगरात कुणाचाच लागत नाही.

स्कूटरवर मी मागे बसले. एका हातात ऑइलचा डबा, दुसऱ्याने त्यांचा खांदा धरलेला. ते समोर बघतच नव्हते, रस्त्याच्या पृष्ठभागाकडे बघत होते. दर काळ्या डागाशी थांबायचे, बोट लावायचे, वास घ्यायचे. "जुनं आहे." पुन्हा निघायचे. चढाला लागल्यावर थेंबांची एक ओळच दिसली. ती बरोबर आमच्या पुढे पुढे चालली होती, वळणावर वळत होती. मी मनात बाळाचं नाव घेत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. तिसऱ्या वळणावर हे खाली बसले. "पाणी आहे गं. कुणाचा तरी टँकर." पुढे उताराच्या तोंडाशी मोठा, चकाकणारा डाग. तिथे ते स्कूटरवरून उतरलेच नाहीत, मीच उतरून बोट बुडवलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी मान हलवली. डिझेल होतं.

उतार संपतो तिथल्या पेट्रोलपंपावर लेकीची गाडी सावलीत उभी होती. ती मागच्या सीटवर बाळाला पाजत होती. आम्हाला बघून घाबरली. "आई? काय झालं?" हे तडक गाडीखाली शिरले. मीही रस्त्यावर गुडघे टेकून वाकले.

बोल्ट कोरडा होता. त्याच्या गळ्यात एकच वायसर, नवाकोरा, कडा लखलखीत. बोल्ट नेमका आवळलेला, ना कमी ना जास्त. त्यांनी तापलेल्या बोल्टावरून उघडं बोट फिरवलं, चटका बसला तरी फिरवत राहिले.

"चांगला बसलाय की," मी म्हणाले. "उगाच माझा जीव घेतलात. चला, बाहेर या."

ते बाहेर येईनात. लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काम माझंच आहे. मी असंच करतो. पण हे मी केलेलं मला आठवत नाही. बोल्ट काढलेला आठवत नाही. तिची गाडी आत घेतलेली पण आठवत नाही."

गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, डॉक्टरांची गाडी गेली का. तिसऱ्यांदा मी त्यांची नक्कल करून दाखवली होती आणि दोघंही पोट धरून हसलो होतो.

"बाबा, सगळं ठीक आहे ना?" लेकीने वरून विचारलं.

"हो, हो. ठीक आहे," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खाली हात घालून त्यांचं भाजलेलं बोट धरलं. तो वायसर जुनाच निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. तो त्यांना बदलता आला असता.