टंगस्टनच्या रेघा

धुतलेली फोटोची प्लेट खिडकीच्या उजेडात धरायची, मान वाकडी करून बघायची आणि म्हणायचं, "पुन्हा." बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत रशियाहून आलेल्या त्या शास्त्रज्ञाचा हा रोजचा कार्यक्रम. शब्द माझा. मी तिथला मेकॅनिक, वैतागलो की मराठीत पुटपुटायचो. त्याने तो उचलला. मला तो अण्णा म्हणायचा.

क्ष-किरण दगडाच्या भुकटीवर सोडले की प्लेटवर रेघा उमटतात आणि दगडात कोणता धातू आहे ते कळतं. हे करणारं यंत्र त्याने आमच्याकडे स्वतः कानशीने घासून उभं केलं. दुपारी हातावर ग्रीस तसंच ठेवून चित्रान्न, म्हणजे तिकडचा लिंबूभात, खायचा. मला बघवत नसे. "स्वल्प घाण, अण्णा. सरी," म्हणायचा; सरी म्हणजे कानडीत ठीक आहे.

एकदा एका दगडात टंगस्टनच्या रेघा दिसल्या. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, आकाश ठेंगणं झालं. खाण सापडली म्हणून दिल्लीच्या पाहुण्यांना आमंत्रण गेलं, हारसुद्धा सांगून झाले. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

याने मात्र यंत्राची क्ष-किरणांची ट्यूब उघडली, ज्यावरून किरण निघतात तो आतला तांब्याचा तुकडा खरवडला आणि म्हणाला, "पुन्हा." नव्या प्लेटवर त्या रेघा नव्हत्या. टंगस्टन दगडात नव्हतंच, ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेतून उडून तांब्यावर बसलं होतं.

"गप्प राहा," साहेब म्हणाले, "नाहीतर तुमच्या वकिलातीला कळवतो."

त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "अण्णा, तिकडे माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. बोललो तर ती जाईल."

"मग बोलू नका की हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्याने दोन्ही प्लेटा खिडकीला लावल्या आणि शांतपणे सगळं सांगितलं. साहेबांनी हसून विषय बदलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार साहेबांच्याच गळ्यात पडले. शिसारी आली मला. आठवड्याभरात त्याला रशियाला परत बोलावून घेतलं. निरोप घ्यायलाही कोणी त्याला माझ्याकडे येऊ दिलं नाही.

पुढच्या थंडीत रशियातल्या त्याच्याच संस्थेतला एक गुळगुळीत गृहस्थ आमच्याकडे आला. यंत्रावरून हात फिरवत म्हणाला, "सुंदर काम आहे. कोणी केलं?"

"आमच्या विभागाने," साहेब म्हणाले. निर्लज्ज माणूस!

मी मोठ्याने त्या शास्त्रज्ञाचं नाव घेतलं. पाहुण्याचा हात यंत्रावर थांबला.

"या नावाचं आमच्याकडे कधी कोणी नव्हतं," तो म्हणाला, आणि रुमालाने बोटं पुसून साहेबांबरोबर जेवायला गेला.